आगीच्या घोडीचं वर्ष

दुपारचं शेवटचं गिऱ्हाईक वाटेला लावून चिगुसा जमिनीवरचे पांढरे केस झाडत होती. तेवढ्यात दुकानाचं दार सरकलं आणि ओरिए आत आली.

एकाच गावात राहून या दोघी गेली छत्तीस वर्षं बोलल्या नव्हत्या. भांडण असं कधी झालंच नव्हतं. कुणाच्या अंत्यविधीला दिसल्या तर मान लववायची. बाजारात समोरासमोर आल्या तर एकीने मासळीकडे वळायचं, दुसरीने भाजीकडे. गावातल्या झाडून साऱ्या बायका केस कापायला चिगुसाकडे येत. ओरिए मात्र त्यासाठी बोगद्यापलीकडे शहरात जाई.

"बस," चिगुसा म्हणाली. दुसरं काय म्हणावं तिला सुचलं नाही.

ओरिए आरशासमोरच्या खुर्चीत बसली.

"कापायचेत?"

"नाही. म्हणजे, काप थोडे. हात चालू राहू देत तुझे. नुसती उभी राहून बघत बसलीस तर मला बोलता यायचं नाही."

चिगुसाने तिच्या गळ्याभोवती कापड बांधलं. लहानपणी नदीकाठी बसून दोघी एकमेकींच्या वेण्या घालायच्या. ओरिएचा भोवरा जरा डावीकडे आहे, हे हाताला अजून आठवत होतं.

"कानाएला, माझ्या सुनेला, सातवा लागलाय," ओरिए आरशात न बघता म्हणाली. "डॉक्टर म्हणतात मुलगी आहे. डिसेंबरात येईल."

"ऐकलं."

"मग बाकीचंही ऐकलं असशील."

ऐकलं होतं. केस कापणारीच्या कानावर सगळंच येतं. साठ वर्षांनी एकदा फिरून येणारं आगीच्या घोड्याचं वर्ष यंदा पुन्हा आलं होतं. या वर्षात जन्मलेली मुलगी नवऱ्याला खाते, घर बुडवते, असं जपानातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेली. आता कुणी तसं मानत नाही म्हणायचे, आणि लगेच आवाज खाली आणून विचारायचे, "इगाराशिंच्या सुनेला मुलगी आहे म्हणे?" इगाराशी म्हणजे ओरिएचं सासर.

चिगुसा स्वतः मागच्या खेपेची, एकोणीसशे सहासष्टची. त्या वर्षाबद्दल तिला जे ठाऊक होतं ते आईच्या तोंडून. त्या वर्षी डोंगरातून बोगदा पडला आणि पहिल्यांदा बस थेट गावात आली. डॉक्टरांच्या घरी कपडे धुण्याचं यंत्र आलं, तर बायका ते बघायला नटूनथटून गेल्या. तरुण पोरं हिवाळाभर तोक्योला रस्ते बांधायला जायची आणि येताना खिशात मावेल एवढा रेडिओ आणायची. त्याच्यावर माणूस चंद्रावर जाणार असल्याच्या बातम्या. आणि त्याच वर्षी त्याच गावात सुईणीची सायकल अंगणात गंजत पडली होती. नव्या सुनांना आजारपणाचं निमित्त काढून माहेरी धाडलं होतं. ज्यांना दिवस राहिलेच, त्यातल्या कितीजणी सकाळच्या बसने शहरात गेल्या आणि संध्याकाळच्या बसने परतल्या, त्याचा कुणी हिशेब ठेवला नाही. "बस आली ती जणू याच कामाला आली," आई म्हणायची. चिगुसाचे वडील तेव्हा मोठ्या बोटीवर, दूर समुद्रात होते. "घरात विचारायला कुणी पुरुष नव्हता, म्हणून तू आलीस," असं म्हणून आई हसायची. चिगुसाला त्या हसण्याचं लहानपणी कोडं पडे.

नोव्हेंबरच्या शेवटी चिगुसा जन्मली. तिच्यामागोमाग, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, दोन घरं सोडून ओरिए. फरक एवढाच की ओरिएच्या घरच्यांनी महिनाभर बाळ बाहेर दाखवलं नाही, आणि कागदावर जन्म जानेवारीतला लिहवून घेतला. सुईण घरचीच, नात्यातली. जानेवारीपासून पुढचं, मेंढीचं वर्ष लागतं; कागदावर ओरिए त्या वर्षाची झाली.

शाळेत त्यांचा वर्ग एवढासा. वरच्या-खालच्या वर्गांतली मुलं पटांगणात चिगुसामागे धावायची, "आगघोडी, आगघोडी, नवऱ्याची हाडं मोडी!" ओरिए कधी त्यांच्यात ओरडली नाही. पण 'गप्प बसा'ही म्हणाली नाही. एकदा चिगुसा रडत घरी आली तेव्हा आईने दार लावून घेतलं आणि तिला खरं ते सांगितलं. वर म्हणाली, "हे पोटात ठेव. एकीचं जळलंय तेवढं पुरे, दुसरीचं जाळू नकोस."

चिगुसाने ते पोटात ठेवलं. पुढे चोविसाव्या वर्षी तिचं लग्न ठरलं ते इगाराशिंच्या मासातोशी. सोयाबीन आंबवून मिसो करणारं ते जुनं घराणं. त्यांच्या पिंपांचा वास गल्लीच्या तोंडाशीच यायचा. मध्यस्थबाईंनी वर्षाचा विषय हलकेच बाजूला सारला होता. मासातो तिला चारदा भेटला. एकदा दीपस्तंभापर्यंत चालत गेले, तिथे भाजलेला माखूल मासा खाल्ला, आणि तो म्हणाला, "माझी आई जरा कडक आहे, पण मनाची वाईट नाही." ठरल्याचे अहेर पोचले. त्यानंतर आठवड्यानेच मासातोच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. दुसऱ्या दिवशी त्याची आई, हात्सुनो, स्वतः चिगुसाच्या दारात येऊन उभी राहिली. खाली वाकून म्हणाली, "अजून उंबरा ओलांडला नाही तर ही तऱ्हा." आणि अहेर परत मागून घेऊन गेली. मासातो आला नाही.

वसंतात त्याच मध्यस्थबाईंनी इगाराशिंकडे मेंढीच्या वर्षाची मुलगी सुचवली. ओरिए.

नवरीचे केस बांधायला चिगुसाला कुणी बोलावलं नाही. तेव्हा ती शहरात केसांचंच काम शिकत होती. ओरिएच्या खऱ्या तारखेबद्दल एक शब्द टाकायची देर होती. तिने तो टाकला नाही.

"आमच्या सासूबाई काय म्हणाल्या माहितीये?" ओरिए आता आरशात बघत होती. "म्हणाल्या, बाळ येतंय वर्षाच्या टोकाला. दवाखान्यात कुणाला तरी सांगून ठेवा, जानेवारी लिहा. पूर्वी चांगल्या घरांतही असंच करायचे. कानाए आधी हसली. मग संध्याकाळी तिच्या सख्ख्या आईचा फोन, तीही तेच म्हणते. परवा कानाए स्वैपाकघरात नळ सोडून रडत होती. मला ऐकू येऊ नये म्हणून."

"मग तू काय केलंस?"

"नळ बंद केला." ओरिएचा आवाज चिरकला. "आणखी काय करणार? चिगु, मी आता सांगणार आहे. मीसुद्धा त्याच वर्षाची आहे म्हणून. पण त्या म्हणतील, सुनेसाठी खोटं बोलतेस. माझी आई गेली, तुझी गेली, सुईणमावशी गेली. हे जाणणारं माणूस आता तू एकटी. तू चल माझ्याबरोबर."

कात्री थांबली.

"त्या घरात?"

"हो."

"नाही."

"मासातोला जाऊन तीन वर्षं झाली. तो आजारी पडला तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच… शेवटी मीच खाल्लं त्याला. दुनियेला नाही माहीत, पण मला माहितीये ना मी कोण ते."

"तुला खायला नवरा तरी मिळाला," चिगुसा म्हणाली. "मला चाखायलाही कुणी दिला नाही."

बोलून गेल्यावर तिचं तिलाच वाईट वाटलं. पण शब्द परत घ्यावा असंही वाटलं नाही. ओरिए उठली, गळ्याचं कापड तिने स्वतःच सोडलं.

"एक बाजू राहिलीये."

"राहू दे," ओरिए म्हणाली आणि निघून गेली.

त्यानंतर दोन-तीन दिवस चिगुसाचं कामात लक्ष लागेना. शरद संपाताचा, दिवस-रात्र सारखे होतात तो आठवडा, गावकरी कबरींवर फुलं वाहायला येणार म्हणून दुकानात गर्दी. फुलं आणायला ती सकाळीच बाहेर पडली, तर बसथांब्यावर कानाए उभी. पायाशी बॅग, एक हात पोटावर.

चिगुसाला आईने सांगितलेली ती सकाळची बस आठवली. आता सातव्या महिन्यात कुणी काही करत नाही, काळही तो राहिला नाही, हे तिला कळत होतं. तरी ती सरळ तिच्यापाशी गेली.

"कुठे निघालीस, पोरी?"

"आईकडे," कानाए म्हणाली. "बाळंतपण तिकडेच करीन. परत येईन की नाही, बघू." मग ती जरा घुटमळली. "मावशी, एक विचारू? तुमचंही हेच वर्ष ना? लहानपणी मुलं चिडवायची, लग्न मोडलं, सगळं मी ऐकलंय. तेव्हा तुमच्या बाजूने कुणी बोललं होतं?"

"नाही," चिगुसा म्हणाली.

"कुणीच?"

"कुणीच नाही."

कानाएने मान हलवली, जणू उत्तर तिला आधीच माहीत होतं. वळणावर बसचा आवाज आला. चिगुसाने वाकून तिची बॅग उचलली.

"ही बस जाऊ दे. पुढची घे, वाटलं तर. आधी माझ्याबरोबर घरी चल."

इगाराशिंच्या घरी हात्सुनो मधल्या खोलीत बसून लाल चवळीच्या गोड सारणात भाताचे गोळे घोळत होती. अठ्ठ्याऐंशी वर्षांची, पण पाठ अजून सरळ. शेजारी ओरिए ताटं लावत होती. तिचे केस एका बाजूला कानापर्यंत, दुसऱ्या बाजूला खांद्यावर.

"बघा अवतार," हात्सुनो सुनेकडे बोट दाखवून कानाएला म्हणाली. "तीन दिवस उंदरांनी कुरतडल्यासारखी हिंडतेय. तू गेली नाहीस होय?" मग तिची नजर मागे गेली. तिने चिगुसाला ओळखलं. हातातला गोळा तिने ताटात ठेवला.

"काकू, आत येऊ?"

"आलीच आहेस."

चिगुसा गुडघे मोडून बसली. ओरिएने तिच्याकडे बघितलं आणि तिच्याशेजारी येऊन बसली. बोलली मात्र सासूकडे बघून.

"आई, मी मेंढीच्या वर्षाची नाही. माझा जन्म डिसेंबरातला. मी आगीच्या घोड्याच्या वर्षाची आहे. घरच्यांनी तारीख बदलली."

"सुनेसाठी खोटं बोलतेस."

"खोटं नाही, काकू," चिगुसा म्हणाली. "हिच्या नि माझ्या जन्मात पंधरवडाही गेला नाही. एकाच सुईणीने दोघींना धुतलं. आईने मला मी दहा वर्षांची असताना सांगितलं."

"आणि तू कोण साक्ष द्यायला?"

"मी? तुम्ही परत पाठवलेली मुलगी."

हात्सुनोचे ओठ घट्ट मिटले. मग तिने चिगुसाला तो प्रश्न विचारला, जो विचारायचं ओरिएच्या इतकी वर्षं मनात होतं, पण धीर झाला नव्हता.

"मग तेव्हा का नाही बोललीस? एक शब्द टाकला असतास तर हिचंही लग्न मोडलं असतं."

"मोडलं असतं. मग दोघी घरी बसलो असतो. त्याने माझं काय भलं होणार होतं?" चिगुसा थांबली. "राग आला होता. अजून येतो. पण हिचं वर्ष काही हिने निवडलं नव्हतं, आणि माझंही मी नाही."

ओरिए खाली मान घालून रडू लागली. हात्सुनोने तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

"मासातोला माहीत होतं?"

"माझा युझुरु पोटात होता तेव्हा सांगितलं मी. हसले. म्हणाले, घोडी तर घोडी, लाथ मारू नकोस म्हणजे झालं. मग म्हणाले, आईला कधी सांगू नकोस. तिला सहन व्हायचं नाही."

"सहन व्हायचं नाही," हात्सुनो पुटपुटली. "असं म्हणाला?"

"हो."

म्हातारीचे हात सारणाने माखलेले होते. कानाएने पुढे होऊन ओल्या फडक्याने ते पुसले, आणि म्हातारीने पुसू दिले.

"मासातो चार वर्षांचा होता तेव्हा," ती म्हणाली. "मी संध्याकाळच्या बसमधून उतरले तर दारात उभा. म्हणाला, आई, कुठे गेली होतीस? मी म्हटलं, दात काढायला."

तिने पुसलेले हात मांडीवर ठेवले.

"त्याच वर्षी गं. मला चौथा महिना होता. सासरे म्हणाले, या घरात घोडी नको. ह्यांच्याकडे बघितलं, तर हे मान खाली घालून सोयाबीन निवडत बसले. मी माझी छत्री घेतली आणि गेले. मुलगी होती की मुलगा, तेसुद्धा मला कुणी सांगितलं नाही. मुलगा असता तर त्याला काही अडचण नव्हती. तो राहिला असता." ती चिगुसाकडे वळली. "तू मला आवडली होतीस. सोन्यासारखी पोर. दर वेळी तुला बघायचे आणि आतून काहीतरी धरायचं. घोडीचं पाऊल या घराला चालणार असेल, तर मग मी माझं कशासाठी दिलं? हे आजारी पडले आणि मला निमित्त मिळालं. निमित्तच ते."

बाहेर अंगणात कुणीतरी पिंपावर दगड चढवत होतं, त्याचे ठक्‌ ठक्‌ आवाज येत होते.

"आणि छत्तीस वर्षं घोडी इथेच नांदत होती," हात्सुनो म्हणाली. आवाजात राग होता की आणखी काही, चिगुसाला सांगता आलं नसतं. "मी तिच्या हातचं जेवत होते. घर काही बुडालं नाही. मग ते बाळ का नाही आलं? सांगा ना कुणीतरी."

ओरिए गुडघ्यांवर सरकत सासूपाशी गेली. लहान मुलीसारखं विचारती झाली, "आई, युझुरुचे बाबा माझ्यामुळे नाही ना गेले?"

"वेडी की काय तू," हात्सुनो एकदम खेकसली. "पोटाच्या रोगाने गेला तो. त्याचा आजाही त्यानेच गेला, आणि त्या आजाची बायको कोंबडीच्या वर्षाची होती. कोंबडी कुणाला खाते होय!" आणि मग तिचा चेहरा वेडावाकडा झाला, आणि या घरात मुलाच्या अंत्यविधीलाही कुणी जिला रडताना बघितलं नव्हतं ती बाई सुनेच्या अर्धवट कापलेल्या केसांत तोंड खुपसून रडली.

दुपारी चौघी देवळात गेल्या. मासातोच्या कबरीवर फुलं वाहून झाल्यावर हात्सुनो मागच्या उतारावर चालू लागली. तिथे न जन्मलेल्या बाळांसाठी ठेवलेल्या लहान लहान दगडी मूर्ती ओळीने उभ्या होत्या. बहुतेकांवर शेवाळ चढलेलं. एकीपाशी ती थांबली. दर संपाताला ती इकडे यायची तेव्हा माहेरच्या कुणासाठी फुलं ठेवायला जाते असं घरच्यांना वाटे.

"यंदा साठी झाली असती," ती म्हणाली.

साठी म्हणजे वर्षांचं चक्र पुरं होऊन माणूस पुन्हा बाळ होतो, म्हणून त्याला लाल बंडी घालतात. हात्सुनो वाकून त्या मूर्तीच्या खांद्यांवर वीत लावून माप घेत होती. "ओरिए, घरी लाल कापड आहे का गं? आणि स्वतःसाठीही शिव. तुझी साठी पुढच्या साली नाही, यंदा आहे."

"चिगुसालाही शिवते," ओरिए म्हणाली.

"मला नको. लाल रंगात मी टोमॅटोसारखी दिसते."

उतारावरून परतताना हात्सुनोने आधारासाठी हात पुढे केला तो चिगुसापुढे. माफी तिने मागितली नाही. चिगुसाने हात दिला. तो हात चिमणीएवढा हलका होता, आणि तिला वाटलं, यापुढे या बाईवर रागावायचं म्हणजे आपल्यालाच सगळा जोर लावावा लागेल. गेलेली वर्षं काही परत येणार नव्हती. दीपस्तंभाकडे तिने बघितलं नाही.

संध्याकाळी दुकानात तिने ओरिएची दुसरी बाजू कापून दिली.

कानाएने पुढची बस घेतली नाही. डिसेंबरात, पहिला जाड बर्फ पडला त्या आठवड्यात तिला मुलगी झाली. नोंद करायला तिचा नवरा युझुरु निघाला तर हात्सुनो कोट चढवून दारात. बोगद्यात गाड्या अडकल्यात, रस्ता निसरडा आहे, असं सगळ्यांनी सांगून बघितलं. "तारीख काय लिहितात ते मी डोळ्यांनी बघणार," ती म्हणाली, आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली.

बाकीचं चिगुसाने ओरिएच्या तोंडून ऐकलं, तिचे केस धुताना. कचेरीत तरुण कारकून खिडकीआड लिहीत होता. हात्सुनोने काठीने खिडकीवर टकटक केलं आणि साऱ्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नीट लिही रे बाबा. घोडी आहे आमची."